परसातली कोंबडी आणि आपला स्नेहमेळावा
(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्हाला बोलायला सांगितले आहे ते कोंबड्यांवर. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतले विद्यार्थी हसले, ते आम्ही पाहिले. हसू द्या. आम्ही बँकेत कारकून, बी.ए.ला आमचा विषय मराठी. आमच्या शिक्षणात आणि नोकरीत कोंबडी कुठेच बसत नाही. पण 1996 साली आमच्या दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा वडील मुंबईत होते आणि मनीऑर्डर वेळेवर आली नव्हती. आईने पहाटेच उठून दोन तलंगा आणि एक कोंबडा डालग्यात घातला, डालगे डोक्यावर घेतले आणि महाडचा बाजार गाठला. संध्याकाळी फीचे पैसे आमच्या हातात होते. या सभागृहात बसलेल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या मंडळींनी मनाशी आठवून पाहावे. कुणाची पाटी, कुणाची चप्पल, कुणाची एस.टी.ची सवलतीची पासाची रक्कम याच पैशांतून आली असेल. त्या पैशाला घरात नाव होते, ‘अंड्यांचे पैसे’. तो डबा आईचा असे आणि वडीलसुद्धा त्याला विचारल्याशिवाय हात लावत नसत.

म्हणून आपल्या संस्थेने महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील परसात कोंबड्या पाळणाऱ्यांचा स्नेहमेळावा घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही आनंदाने कामाला लागलो. एक मेळावा फसला, दुसरा बऱ्यापैकी पार पडला. आपण फसलेल्या गोष्टी स्मरणिकेत छापत नाही. पण यंदा त्याच सांगायच्या असे आम्ही ठरवले आहे, कारण शिकायला मिळाले ते त्यातूनच.

पहिला मेळावा महाडात घेतला. रविवार, दुपारी दोनची वेळ. निमंत्रणपत्रिका छापल्या. त्या कुणाच्या नावाने छापल्या? आमची बँकेची सवय नडली. खातेदाराचे नाव, सातबाऱ्यावरचे नाव, घरपट्टीवरचे नाव पाहून आम्ही ‘श्री. अमुक अमुक यांस’ असे लिहून मोकळे झालो. कोंबडीला दाणे टाकणारी कोण, खुडूक कोंबडीखाली अंडी मांडणारी कोण, घार आली की हातातले काम टाकून धावणारी कोण, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. आमच्या आईचे उदाहरण घरातच होते. तरी पत्रिकेवर नाव पुरुषाचेच गेले. परिणाम असा झाला की पहिल्या चार रांगांत पुरुष बसले आणि ज्यांच्यासाठी मेळावा होता त्या बाया मागे, भिंतीला टेकून.

दुसरी चूक वेळेची. दीपप्रज्वलन झाले, पूजापाठ झाला, स्वागतगीत झाले. मग सत्कार सुरू झाले. शाल, पुष्पगुच्छ, परिचय आणि सत्काराला उत्तर. पशुवैद्यकीय अधिकारी रोगाची माहिती द्यायला उभे राहिले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तेवढ्यात मागून पोलादपूरकडची एक मावशी उठली आणि हात जोडून म्हणाली, “सायेब, तुमचे सत्कार चालू द्या. आमच्या कोंबड्या डालायच्या हायेत.” तिच्या मागोमाग भिंतीकडच्या बहुतेक जणी उठल्या. पाच मिनिटांत मागची बाजू रिकामी झाली. उरलेल्यांपुढे अधिकाऱ्यांनी उत्तम व्याख्यान दिले.

विद्यार्थी मित्रांनो, शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. दिवेलागणीला कोंबड्या घराकडे वळतात. त्या वेळी त्यांना मोजून खुराड्यात किंवा डालग्याखाली घालावे लागते. एक जरी बाहेर राहिली तरी रात्री रानमांजर तिला सोडत नाही. हे काम दुसऱ्याला सांगता येत नाही, कारण दुसऱ्याला कोंबड्या ओळखू येत नाहीत. म्हणजे आम्ही कोंबडीपालकांचा मेळावा घेतला आणि वेळ मात्र कोंबडीला विचारली नाही!

या फजितीनंतर कार्यकारिणीची बैठक झाली. एका ज्येष्ठ सभासदाने मूळ प्रश्नच उपस्थित केला. तो टाळण्यासारखा नव्हता. ते म्हणाले, आपण पंचशील घेणारे लोक. पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले, त्यांत जिवंत प्राण्यांचा आणि मांसाचाही व्यापार आहे. मग बौद्ध संस्थेने कोंबड्यांचा मेळावा घ्यावा का? त्यावर पुष्कळ चर्चा झाली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेविषयी तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे, हेही कुणी मांडले. शेवटी ठरले ते असे. ज्याने त्याने आपले शील आपल्या विवेकाने सांभाळावे. संस्थेने विक्रीचा व्यवहार करू नये. मात्र रोगाने तडफडणारा जीव वाचवणे आणि गरीब बाईच्या हातचे चार पैसे टिकवणे हे काम संस्थेचे आहे. मेळाव्यातल्या जेवणात कोंबडी असू नये, हेही ठरले. पुढच्या मेळाव्याला तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि भात होता. पाहुण्यांपैकी एकाने चेष्टेने विचारले, “कोंबडीवाल्यांच्या जेवणात कोंबडी नाही?” त्याला शेजारच्याच बाईने उत्तर दिले, “घरच्या कोंबडीला रोज हाक मारतो आम्ही. ती खायला कोन येतंय इथवर?”

आता रोगाविषयी. आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणतात तोच राणीखेत. कोंबडी सुस्त होते, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते, आणि दोन-चार दिवसांत खुराडेच्या खुराडे रिकामे होते. 1926 साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटावर हा रोग प्रथम नोंदला गेला. त्याच सुमारास तो आपल्या देशातही आढळला आणि कुमाऊंच्या डोंगरातील राणीखेत या गावाचे नाव त्याला चिकटले. रोग झाल्यावर औषध नाही. आधी लस टोचणे किंवा थेंब घालणे हाच उपाय. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि पुढे दीड-दोन महिन्यांनी टोचायची लस. लस महाग नाही. आपल्या राज्यात ती पुण्याला औंध येथील शासकीय संस्थेत तयार होते.

मग अडचण कुठे आहे? अडचण कुपीत आहे. लसीची कुपी येते शंभर मात्रांची किंवा त्याहून मोठी. ती थंडीत ठेवावी लागते आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उद्यासाठी उरत नाही. आणि आपल्या बाईकडे कोंबड्या किती? पाच, सात, फार तर बारा. व्यापारी शेडवाल्याकडे हजारो पक्षी असतात, त्याला ही अडचण नाही. परसातल्या कोंबडीला थेंब मिळायचा तर दहा-पंधरा घरांनी एकाच दिवशी, एकाच वेळी एकत्र यावे लागते. म्हणूनच आम्ही म्हणतो, इथे स्नेहमेळावा ही नुसती हौस नाही. एकत्र आल्याशिवाय लसच घेता येत नाही.

यात नवे काही नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने शासनाबरोबर खेड्यातल्या बायांनाच थेंब घालायला शिकवले. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात उष्णता बरीच सहन करणारी आय-2 नावाची लस तयार झाली आणि मोझांबिक, टांझानिया या आफ्रिकी देशांतील गावांत ती गावकऱ्यांच्याच हाताने दिली गेली. तिथल्या बाया करू शकतात ते पोलादपूरच्या बाया का करू शकणार नाहीत?

म्हणून दुसरा मेळावा आम्ही पोलादपूर तालुक्यातल्या एका गावी, बौद्धवाडीतल्या विहाराच्या अंगणात घेतला. गावाचे नाव मुद्दाम सांगत नाही. पत्रिका या वेळी बायांच्या नावाने. “माझ्या नावानं कागद आला तो मतदानाच्या चिठ्ठीनंतर हाच,” असे एक आजी म्हणाल्या. वेळ सकाळची, कोंबड्या मोकळ्या सोडण्याआधीची. थेंब घालून झाले की चहा, मग गप्पा, दुपारी जेवण आणि तीनच्या आत सगळे घरी. सत्कार एकही नाही. बौद्धवाडीच्या बाया आल्या, मोहल्ल्यातून दोन खाला आल्या, आदिवासीवाडीतून चार कातकरी बाया डालगी घेऊन आल्या, आणि गाववाडीतल्याही काही जणी आल्या.

गप्पा अशा रंगल्या की आम्ही कागद-पेन घेऊन नुसते ऐकत बसलो. हैदराबादच्या संशोधन केंद्राची वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जातींवर वाद झाला. एकीचे म्हणणे, त्या अंडी जास्त देतात. दुसरीचे म्हणणे, पण त्या खुडूक बसत नाहीत, मग एकविसाव्या दिवशी पिल्ले काढायची कुणी? तिसरी म्हणाली, “माझी गावठी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते, पण घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते. त्या थोरल्या कोंबड्या आभाळाकडं बघतच नाहीत.” तोडगाही त्यांनीच काढला. अंडी वनराजाची, बसवायची गावठी खाली. हे शहाणपण कुठल्याही पुस्तकाइतकेच मोलाचे आहे.

आता मूळ प्रसंग. पशुधन पर्यवेक्षकांनी कुपी पातळ केली. थेंब सुरू झाले. कोंबड्या मोजल्या तर शंभराला आठ-दहा कमी. गाववाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी तेवढ्याच कोंबड्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक होते. तिला निमंत्रण गेले होते. तिने निरोप पाठवला, विहाराच्या अंगणात मी येणार नाही. घरी येऊन थेंब घालणार असाल तर घाला.

आमची तरुण पोरे भडकली. त्यांचे म्हणणे असे की जिला आपल्या अंगणात पाय ठेवायचा नाही, तिच्या दारात आपण का जायचे? 1927 पासून आपण स्वाभिमान शिकलो तो यासाठी का? मित्रांनो, हा राग खोटा नव्हता. तो आमच्याही मनात होता. इकडे घड्याळ चालले होते, कुपीतली लस फुकट जाणार होती. तेव्हा आमच्या वाडीतल्याच एक काकी उठल्या. त्या म्हणाल्या, “थेंब कोंबडीच्या डोळ्यात घालायचाय, मालकिणीच्या नाय. आन् रोग काय वाडी बघून येतो?” आणि पर्यवेक्षकांना घेऊन त्या निघाल्यासुद्धा. दोन कॉलेजची पोरे मागून गेली.

शेवटच्या थेंबापर्यंत कुपी संपली. त्या घरी त्यांना चहा मिळाला का? नाही मिळाला. पाणी विचारले का? नाही विचारले. पुढे काय झाले असे आपण विचाराल, तर त्या पावसाळ्यात शेजारच्या गावात मानमोडी आली, पण या गावात ना बौद्धवाडीत मर झाली, ना गाववाडीत. एवढ्यावर समाधान मानायचे का, हा प्रश्न आहे. काकी म्हणतात, पुढच्या वेळी पुन्हा निमंत्रण देऊ, पुन्हा नाही आली तर पुन्हा जाऊ. आमचा एक विद्यार्थी म्हणतो, एकदा गेलो ते कोंबडीसाठी, दुसऱ्यांदा जाऊ तेव्हा तिनेही चार पावले यावे. आम्हाला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच निर्णय आज या सभेवर सोपवतो.

मात्र निर्णय करताना आपण कुठे उभे आहोत ते विसरू नये. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. महाड नगरपालिकेने 1924 सालीच ते तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता, पण ठराव कागदावर होता. पाणी प्यायला माणसांना चालत जावे लागले. त्या दिवशी परत आलेल्या माणसांवर मंडपात हल्ला झाला, त्यांचे अन्न मातीत मिळवले गेले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. म्हणजे मेळावा भरवायला जागा कोण देतो, कुणाच्या अंगणात कोण येतो, हा प्रश्न महाडला नवा नाही. त्याच डिसेंबरात बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. त्यांनी स्वच्छ राहा, नीट लुगडे नेसा, मुलींना शिकवा, घरात मेलेल्या जनावराचे मांस येऊ देऊ नका, असे सांगितले. घराचा कारभार जिच्या हातात तिच्याशी ते थेट बोलले. आम्ही मात्र जवळजवळ शंभर वर्षांनी पत्रिका काढली ती नवऱ्याच्या नावाने!

नावाला इतके महत्त्व का, तेही सांगतो. 22 जुलै 2021 चा दिवस आपण कुणी विसरलेलो नाही. सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. तळियेवर डोंगर कोसळला. पोलादपुरात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे येथे दरडी आल्या. माणसे गेली, तिथे कोंबड्यांचे काय घेऊन बसलात, असे कुणी म्हणेल. जे गेले त्यांना आम्ही वंदन करतो. पण जे उरले त्यांना कशापासून तरी पुन्हा सुरुवात करायची होती. म्हैस घ्यायला हजारो रुपये लागतात. तलंग मात्र पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते. शासनाच्या आपत्ती मदतीच्या निकषांत तेव्हा कोंबडीमागे 50 रुपये होते, 2022 पासून ते 100 झाले. तरीही आमच्या मेळाव्यात कित्येक जणी म्हणाल्या की आमच्या कोंबड्या कुठे लिहिल्याच गेल्या नाहीत. पंचनाम्याच्या वेळी घरधन्याला विचारले, आणि घरधन्याला किती कोंबड्या होत्या ते ठाऊक नव्हते. ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही.

देशाच्या हिशेबात या कोंबड्या आहेत बरे का! 2019 च्या विसाव्या पशुगणनेत परसातले पक्षी 31 कोटी 70 लाखांच्या घरात भरले, म्हणजे 2012 पेक्षा सुमारे 46 टक्के अधिक. देशाच्या वहीत असलेली कोंबडी वाडीच्या वहीत का नसावी?

बँकेचा माणूस म्हणून आणखी एक सांगतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय फेब्रुवारी 2019 पासून पशुपालन आणि कुक्कुटपालनालाही लागू झाली. ती वैयक्तिक मिळते, तशी बचत गटालाही मिळते. शेड स्वतःची नसली, भाड्याची असली तरी चालते. तारणाशिवायची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून दोन लाख रुपये आहे. पण आमच्या काउंटरवर अर्ज घेऊन येतो तो बहुधा पुरुष, आणि कोंबड्या किती, मरतात किती, अंडी किती, असे विचारले की तो म्हणतो, थांबा, घरी फोन करून विचारतो! सात कोंबड्यांसाठी कर्ज काढा असे आम्ही सांगत नाही. पण सातच्या पन्नास करायच्या असतील, तर अर्ज आणि हिशेब जिच्या हाताने कोंबड्या वाढल्या तिच्या नावाने असावा.

म्हणून सभेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, यापुढे कोंबडीपालकांचा प्रत्येक मेळावा लसीच्या दिवशीच घ्यावा, पाळणारीच्या नावाने निमंत्रण द्यावे आणि दिवेलागणीच्या पुष्कळ आधी संपवावा. सत्कार करायचाच असेल तर सगळ्या कोंबड्या डालून झाल्यावर ज्याने त्याने घरी करावा. दुसरी, प्रत्येक वाडीसाठी दोन विद्यार्थ्यांनी एक वही ठेवावी. त्यात बाईचे नाव, कोंबड्या किती, थेंब कधी घातला, एवढेच लिहावे. उद्या पूर आला, रोग आला, तर ती वही बोलेल. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले, हे लक्षात असू द्या. अशा वेळी तोंडी हिशेब कुणी मानत नाही. तिसरी सूचना कुपीची. कुपी शंभराची आहे. ती एका वाडीत संपत नाही. तेव्हा निमंत्रण सर्व वाड्यांना जाईल, आणि जी घरे येणार नाहीत त्यांच्याकडे जायचे की नाही, हे आज आपण हात वर करून ठरवू.

आमचे मत विचाराल तर आम्ही काकींच्या मागून जाऊ. पण आपल्या विद्यार्थ्याचे म्हणणेही वहीत लिहून ठेवू. कारण दारात जाणे हा आपला मोठेपणा असेल, तर पाणी विचारले जाण्याची अपेक्षा ठेवणे हा आपला हक्क आहे, आणि महाडच्या मातीत तो विसरून चालणार नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असे आपल्या आया म्हणत आल्या. तांबडे फुटायच्या आत उठून डालगे उचलणारीही त्याच होत्या. या वर्षीच्या पत्रिकांवर निदान त्यांचे नाव बरोबर लिहू या. वही इथे टेबलावर ठेवली आहे. जाताना विद्यार्थ्यांनी आपापल्या वाडीचे नाव घालून जावे.